हौस, जोर आणि नाना ढमाले

नाना ढमाल्यांवर लिहायचं तर आधी राग गिळायला हवा, आणि तो मला अजून गिळता आलेला नाही. माणूस सोन्यासारखा होता. पण एवढ्या हुशार माणसानं इतकं मूर्खासारखं वागावं, ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

आम्ही दोघं बाणेरच्या एका ऑनलाइन पोकरच्या कंपनीत होतो. मी पौडची. बाजारपेठेत माझ्या अब्बांचं ताडपत्री आणि दोरखंडाचं दुकान आहे. नाना भुकूमला एकटेच राहायचे. मी सकाळी पौडहून गाडी काढायची, नानांना भुकूमच्या कमानीपाशी उचलायचं, आणि लवळे, नांदे, सूस करत बाणेरला जायचं. तीन वर्षं हा माणूस माझ्या शेजारच्या सीटवर मांडीवर डबा घेऊन बसला. मी कुणाला ओव्हरटेक केलं की तो डबा घट्ट धरायचा.

त्याआधी नाना पौडला ज्युनिअर कॉलेजात तासिकेवर स्टॅटिस्टिक्स शिकवायचे. कायम होण्याची वाट बघता बघता केस पांढरे झाले. मग कुणा विद्यार्थ्यानं ओढून त्यांना आमच्या कंपनीत आणलं. इथं काम एकच, खेळणाऱ्यांचे आकडे वाचायचे. आता पोकर म्हणजे काय, तर पत्त्यांचाच खेळ. हातात दोन पत्ते येतात. ते बघून ठरवायचं, पैसे घालून डावात उतरायचं की पत्ते टाकून गप्प बसायचं. प्रत्येक माणसाची यात एक चाल असते, आणि शे-दोनशे डावांनंतर ती कॉम्प्युटरला दिसायला लागते.

शंभर डावांपैकी किती डावांत माणसानं आपण होऊन पैसे घातले, हा पहिला आकडा. सगळं ऑफिस त्याला इंग्रजी अक्षरांनी ओळखायचं. नाना त्याला ‘हौस’ म्हणायचे. आणि त्यातल्या किती वेळा त्यानं रक्कम वाढवत, समोरच्याला अंगावर घेत उतरायचं ठरवलं, तो दुसरा आकडा. तो ‘जोर’. दोन महिन्यांत आमच्या मजल्यावरची बिहारची आणि तमिळनाडूची पोरंसुद्धा “नाना, इसकी हौस देखो” म्हणायला लागली.

या दोन आकड्यांवरून नाना माणसांना नावं ठेवायचे. हौस पन्नास आणि जोर पाच असला की तो वऱ्हाडी. सगळे निघालेत ना, मग मीपण येतो, वाढाल ते जेवतो. हौस चाळीस आणि जोर तीस म्हणजे वळू, कुठल्याही शेतात घुसणार. हौसही नाही आणि जोरही नाही तो पेन्शनर. आणि क्वचितच उतरणारा पण उतरला की वाढवतच उतरणारा तो पाटील. धंद्यात वऱ्हाड्यांना सगळीकडे मासा म्हणतात, कारण त्यांच्यावरच बाकीच्यांचं आणि कंपनीचं पोट भरतं. नानांना तो शब्द खपायचा नाही. “मासा म्हनू नका,” ते म्हणायचे. “आपल्या घरात बी आसतोय एकेक.”

नवीन पोरं पहिल्या आठवड्यात हमखास विचारायची, सैल खेळणारा बरा की आवळून खेळणारा. नाना चष्मा कपाळावर चढवायचे. “समोर कोन बसलंय त्याच्यावर हाय. समदे आवळून बसलेत तर सैल मानूस टेबल धुऊन नेतोय. समदे सैल सुटलेत तर तुमी आवळून बसा. नुसतं आवळून बसनं म्हंजे शहानपन न्हवं.” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय. स्वतः मात्र ते जन्मभर आवळूनच बसले. लग्नासाठी मुली बघितल्या, अजून एक बघू म्हणाले, मग अजून एक. बघता बघता त्या सगळ्या दुसऱ्यांच्या घरी नांदायला गेल्या. भुकूमचा फ्लॅट घेताना बिल्डरचा माणूस चहा पाजून पाजून थकला. नानांनी तो घेतला तेव्हा बिल्डिंगमधला सगळ्यात वाईट फ्लॅट तेवढा उरला होता.

एकदा बेंगळुरूहून नवीन मॅनेजर आला. एका पोरानं तीन दिवसांत भरपूर जिंकलं होतं, तर हा म्हणाला, याचा फोटो जाहिरातीत घालू, हा चॅम्पियन आहे. नाना उठले आणि त्यांच्या त्या अजब हिंदीत म्हणाले, “साहब, इतवार को पानी गिरा तो मुळशीका धरन भर गया ऐसा कोई बोलता क्या? थोडा डाव होने दो.” मॅनेजर हसला आणि त्यानं फोटो छापला. पुढच्या महिन्यात ते पोरगं सगळं हरून गायब झालं. जाहिरातीतला फोटो मात्र कितीतरी दिवस हसत होता. थोड्या डावांवरून माणूस ठरवायचा नाही, हा नानांचा धर्म होता.

आणि तरीही बदल झालेला त्यांना चटकन कळायचा. एक गृहस्थ होते, कुठले ते आम्हाला ठाऊक नव्हतं, आमच्याकडे नुसतं टोपणनाव असायचं. वर्षानुवर्षं हौस अठरा. एका आठवड्यात ती पंचावन्नवर गेली. कंपनीची रीत अशी की अशा माणसाला लगेच बोनस पाठवायचा, म्हणजे तो अजून खेळेल. नानांनी मदत विभागातल्या मुलीच्या हातातून फोन घेतला. “नमस्कार. मी कंपनीतनं बोलतोय. घरी समदं ठीक हाय ना?” पलीकडं तो माणूस रडायलाच लागला. बायको आयसीयूत होती, आणि हा बाहेरच्या बाकड्यावर बसून डाव लावत होता. नानांनी त्याला समजावून त्याच्याच संमतीनं त्याचं खातं बंद करून दिलं आणि वर म्हणाले, “चहा घ्या आन् आत जाऊन बसा त्यांच्यापाशी.” मॅनेजरनं त्यांना केबिनमध्ये झापलं. नाना बाहेर येऊन निवांत डबा उघडून बसले. भेंडी होती.

परक्या माणसाला असा फोन करणारा हा माणूस. म्हणून तर पुढचं सगळं मला सहन होत नाही.

नानांना एक धाकटा भाऊ. सोपान. कोळवण खोऱ्यात त्यांचं गाव आहे, घर आहे, थोडं भाताचं रान आहे. सोपान ते बघायचा आणि पिकअप चालवायचा. नानांनी त्याला खांद्यावर खेळवलेला, कारण बाप लवकर गेला. सोपान नानांच्या अगदी उलट. कुणी म्हणालं चल, की हा चपला घालून तयार. आणि नशीब कसं बघा, तो नेमका आमच्याच कंपनीचा खेळ खेळायला लागला. दादाची कंपनी म्हणून विश्वासानं. हौस साठ. पोरीच्या लग्नाला ठेवलेल्यातलं बरंच काही त्यानं घालवलं.

त्या दिवाळीत नाना गावी गेले तेव्हा त्यांना हे कळलं. चार पाव्हण्यांसमोर दोघांची जुंपली. नाना म्हणाले, जुगाऱ्याच्या दारात मी पाय ठेवणार नाही. सोपान म्हणाला, “तुजा पगार तरी कशाचा हाय?” हे नानांच्या जिव्हारी लागलं, कारण खरं होतं. खरं लागलं की माणूस काहीतरी अटी घालतो. दुसरा कुणी म्हणाला असता, शपथ घे, खेळ सोड. आमचे नाना काय म्हणाले? “शंभरात वीस डावांच्या खाली ये. तशी हौस आवर. मग येतो तुज्या दारात.” भावाभावांच्या भांडणात अशी अट घालणारा माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात दुसरा सापडायचा नाही. हे त्यांनी मला गाडीत सांगितलं तेव्हा मी ब्रेकच मारला. म्हटलं, “नाना, भाऊ आहे तो, डेटा नाही.” त्यांनी डबा घट्ट धरला.

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. नाना रोज सकाळी ऑफिसला आले की आधी सोपानचं खातं उघडायचे. नात्यातल्या माणसाचे हातातले पत्ते बघायचे नाहीत असा कंपनीचा नियम होता, आणि नानांनी तो कधी मोडला नाही. ते फक्त बेरजेचे आकडे बघायचे, हौस किती, जोर किती, किती डाव झाले, किती गेले. पण त्यावरून मला बातम्या मिळायच्या. “काल उशिरा बसला, भात झोडून आला आसंल.” “आज कमी डाव खेळला, पिकअप लांब गेली वाटतं.” एखाद्याचा मुलगा परदेशात असावा आणि त्यानं मोबाईलवर तिथलं हवामान बघावं, तसं चाललं होतं ते. कोळवण आमच्या पौडहून अर्ध्या तासावर.

आणि मग आकडे बदलायला लागले. साठाचे चाळीस झाले. चाळीसचे वीस. उन्हाळा यायच्या आत सोपानची हौस चारवर आली. चार. जोर शून्य. नानांच्या चेहऱ्यावर मी असा आनंद कधी पाहिला नव्हता. त्यांनी त्या दिवशी मजल्यावर सगळ्यांना सामोसे आणले, पण कशाबद्दल ते कुणालाच सांगितलं नाही.

“मग जा की आता,” मी म्हटलं. “वीस म्हणाला होतात, चारवर आला.”

“डाव थोडे हायेत आजून.”

“नाना, हौस कळायला दोनशे-चारशे डाव बास होतात. हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला. नफातोटा कळायला लाखभर डाव लागतात, हौस लगेच कळते.”

“ते परक्याचं,” नाना म्हणाले. “सख्ख्याला जास्त लागत्यात.”

शिवाय त्यांना एक खटकत होतं. एवढा आवळून खेळतोय, तरी रोज थोडे थोडे पैसे जातातच. म्हणजे कुठंतरी खोट असणार. आणि जोर शून्य कसा? चांगले पत्ते आले तरी वाढवत नाही? “घाबरलाय,” ते म्हणाले. “घाबरू दे थोडा. घाबरला तर टिकंल.” मला तेव्हाच विचित्र वाटलं होतं. इतक्या वर्षांत चार हौस आणि शून्य जोर असलेला माणूस आम्ही दोघांनीही पाहिला नव्हता. पेन्शनरसुद्धा एवढे पेन्शनर नसतात. पण नानांना त्यातला भाऊ तेवढा दिसत होता आणि त्यातली शंका. तिसरं काही दिसलं नाही.

मे महिन्यात सोपानच्या मुलीचं, निकिताचं, लग्न ठरलं. पत्रिका पोस्टानं ऑफिसच्या पत्त्यावर आली. नाना ती गाडीत उलगडून बसले. आपले नम्र म्हणून जी नावं होती, त्यांत पहिलं नाव नानांचं.

“नाव छापलंय माजं,” ते म्हणाले.

“छापणारच. तुम्ही चुलते आहात.”

“न इचारता छापलंय.”

“नाना, विचारायला तुम्ही फोन उचलता का?”

त्यांनी पत्रिका नीट घडी करून खिशात ठेवली. लग्नाच्या आधीच्या दिवशी मी पुन्हा विषय काढला. अब्बांनीही सांगून पाठवलं होतं की ढमालेसाहेबांना म्हणावं, मी येतो सोबत, आपण दोघं जाऊ. नाना म्हणाले, “लग्नाच्या गडबडीत गेलो आन् पुन्यांदा त्यो खेळायला लागला तर? मग माज्या शब्दाला काय ऱ्हायलं? पावसाळाभर बघतो. टिकला तर दसऱ्याला जातो.” लग्नाच्या दिवशी ते ऑफिसात आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. दिवसभर त्यांनी सोपानचं खातं चारदा उघडून पाहिलं असेल. “आज टेबलावर बसला न्हाई,” ते मला म्हणाले, आणि मग स्वतःशीच म्हणाले, “कसा बसंल.” मी त्या दिवशी त्यांच्याशी धड बोलले नाही.

पाऊस चालू असताना सरकारनं पैशांचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा आणला. एका दिवसात आमची टेबलं बंद झाली, आठवड्याभरात आमचे लॅपटॉप परत घेतले. इतरांना पगाराची चिंता. नाना मॅनेजरकडं एवढंच मागत होते की एका खात्याचे शेवटचे आकडे बघू द्या. त्यानं नाही म्हटलं, आणि नियमानं त्याचं बरोबर होतं. परत येताना सूसच्या चढावर नाना म्हणाले, “आता कसं कळायचं वो, तांबोळीबाई?” मी म्हटलं, “फोन करून. जगात सगळ्यांना तसंच कळतं.”

तरी दसरा गेला. दिवाळी गेली. शेवटी एका रविवारी मीच भुकूमला गेले आणि त्यांना गाडीत घातलं. वाटेत पौडला त्यांनी पेढे घेतले. अर्धा किलो सांगितले, मग एक किलो करा म्हणाले.

कोळवण खोऱ्यात भात कापून झालं होतं. सोपान ओट्यावर बसून पोती शिवत होता. नाना गाडीतून उतरले तसा तो उभा राहिला. नानांसारखाच चेहरा, फक्त उन्हात रापलेला. “ये, दादा,” म्हणाला, आणि आत ओरडून चहा सांगितला. भांडण वगैरे काही नाही. मला वाटलं, झालं, मिटलं.

चहा झाला. पेढ्यांचा बॉक्स मधे तसाच. नानांनी घसा साफ केला. “खेळ बंद झाला ते बरं झालं. पन तू आधीच सुधारला व्हतास. म्या बघत व्हतो. हौस पार तळाला नेलीस.”

सोपान दाभण थांबवून हसला. “म्या खेळतच न्हवतो, दादा.”

“म्हंजे?”

“संध्याकाळी मोबाईल घिऊन बसायचो. पत्ते यायचे, टाकून द्यायचो. बघायचो बी न्हाई कसलेत ते. कवा चुकून बोट लागलं तर तेवढंच. पत्ते टाकले तरी फेरीला समद्यास्नी भरावे लागत्यात, तेवढे दोन-चार रुपये जायचे, म्हनलं जाऊ द्या. मला कुटं येतंय तुज्यावानी शहान्यासारखं खेळाया. तू वीस म्हनला व्हतास. म्हनलं, त्याच्या बी खाली दाखवू.”

दारात त्याची बायको शांता उभी होती. ती म्हणाली, “एकदा दोन एक्के आलते, भाऊजी. म्या म्हनलं, आवं, हे भारी आसतंय ना? तर म्हनले, टाकतो. दादा बघत आसंल.”

“बघत व्हतो,” नाना म्हणाले.

“मग आला का न्हाईस?”

सोपाननं हे रागानं विचारलं नाही. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. नानांनी माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं बघत होते, मी काय सांगणार. पेढ्यांचा बॉक्स जरा पुढं सरकवत ते म्हणाले, “डाव कमी वाटत व्हते मला.”

सोपाननं मान हलवली, जणू हिशेब पटला. मग तो लग्नाचं सांगायला लागला. ढमाल्यांच्यात लग्न लागायच्या आधी दोन्हीकडची माणसं भेटतात. बापाला बाप, मामाला मामा, चुलत्याला चुलता. माईकवर नावं पुकारतात, दोघं पुढं येतात, एकमेकांना हार घालतात आणि मिठी मारतात. मी पौडात वाढलेली, अशी लग्नं ढीगभर जेवलेय.

“पोरगी म्हनली, काकांचं नाव पुकारू नका, ते याचे न्हाईत. म्या म्हनलं, येतोय. त्यानं सांगितलं तसं समदं केलंय म्या, आता कसा न्हाई यायचा. तीनदा पुकारलं, दादा. त्यांचा चुलता हार घिऊन हुबा. लोकं वळून वळून मागं बघाया लागली. मग शेजारच्या बबनला केला पुढं.”

आत भांड्याचा आवाज झाला. नाना ओट्यावरून उठले. अंगणात दोन पावलं चालून सोपानसमोर उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात पुढं केले. आयुष्यात कधी कुणाला मिठी मारलेली नसावी, हात कोपरातून धड उघडतही नव्हते.

सोपाननं त्या हातांकडं पाहिलं. दाभण पोत्यात खोचून ठेवला.

“ऱ्हाऊ दे, दादा,” तो म्हणाला. “पाव्हणे कवाच गेले.”

आणि तो बादली उचलून गोठ्याकडं गेला, धारेची वेळ झाली होती. नाना मला म्हणाले, तुम्ही व्हा पुढं, बाई, मी एसटीनं येतो. एवढ्या उशिरा तिथून एसटी नसते हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. मी गाडी वळवली. नाना तिथंच अंगणात होते, हात अजून पुरते खाली आलेले नव्हते.